पाण्यातलं वंगण शेवटी पाण्यातच जातं

पाण्यावर आधारलेल्या वंगणांचा विषय निघाला की हल्ली लगेच दोन तट पडतात आणि दोन्हीकडून साप साप म्हणून भुई धोपटणं सुरू होतं. एक बाजू म्हणते की तेलाच्या जागी पाणी आलं, नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच आहे त्यात, आता अजून काय पर्यावरणपूरक हवंय. दुसरी बाजू म्हणते की ही हिरवी ॲडिटिव्हज (पाण्यात मिसळायची पर्यावरणपूरक रसायनं) म्हणजे प्रयोगशाळेतली हौस आहे, मशीनवर आणली की पंधरा दिवसांत नासतात, टूल (कापणारं हत्यार) खातात, जॉबवर (कापायच्या धातूच्या तुकड्यावर) गंज आणतात, आणि शेवटी माणूस कंटाळून परत जुन्या ड्रमकडेच वळतो. मी बरीच वर्षं कुलंटच्या, म्हणजे धातू कापताना टूलवर सोडायच्या पाण्यावरच्या वंगणाच्या, टाक्यांच्या आसपास काढलीयेत आणि मला दोघांचंही म्हणणं अर्धवट वाटतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. पाण्यावरच्या वंगणात ॲडिटिव्ह हीच खरी वस्तू असते, पाणी फक्त तिला जागेवर पोचवतं, आणि वापर संपला की ही वस्तू पाण्याच्याच वाटेला जाणार हे ती बनवतानाच माहीत असतं. मग पाण्यात गेल्यावर तिचं काय होतं हे बघणं बनवणाऱ्याचंच काम आहे, गंज किती रोखते आणि टूल किती टिकवते हे बघण्याइतकंच. हे काम नंतर कुणीतरी सांडपाणीवाला बघेल म्हणून पुढे ढकलायचं नसतं.

पाण्याला ॲडिटिव्ह लागतंच कशाला ते आधी बघू, कारण पहिल्या बाजूचं घोडं इथंच पेंड खातं. उष्णता ओढून न्यायला पाण्यासारखं दुसरं काही नाही, तेवढ्याच वजनाच्या खनिज तेलाच्या साधारण दुप्पट उष्णता ते सामावून घेतं. पण वंगण म्हणून पाणी अगदीच दुबळं. हायड्रॉलिकमध्ये सर्रास वापरतात त्या ४६ नंबरच्या तेलाशी तुलना केली तर ४० अंशाला पाणी जवळजवळ सत्तरपट पातळ असतं. बरं, नुसता पातळपणाच असता तर घट्ट करणारं काहीतरी घालून भागलं असतं, पण खरी अडचण दाबाची आहे. बेअरिंगच्या बॉलखाली किंवा गिअरच्या दातांमध्ये दाब चढला की तेल त्या क्षणापुरतं कितीतरी पटींनी घट्ट होतं आणि दोन धातूंच्या मधे पापुद्र्यासारखं टिकून राहतं. पाणी त्याच दाबाखाली जवळपास तसंच पातळ राहतं, बाजूनं निसटून जातं आणि धातूवर धातू घासतो. वर गंज आहेच, आणि पाणी म्हटलं की त्यात जीव वाढणार ते वेगळंच. अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलरनं १८८० च्या दशकात स्टीलच्या जॉबवर, टूलच्या टोकाशी पाण्याचा मोठा झोत सोडून बघितला तेव्हा कटिंग स्पीड ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता आला, पण नुसतं पाणी सोडून चाललं नाही, मशीन गंजू नये म्हणून त्या पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवावा लागला. म्हणजे पाण्यावरच्या कुलंटचा इतिहास सुरूच होतो ॲडिटिव्हपासून, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्या सोड्याच्या जागी काय काय येऊन गेलं तोच खरा या सगळ्या भानगडीचा इतिहास आहे.

आज एका साध्या दुधाळ कुलंटमध्ये काय काय असतं? थोडं तेल, ते पाण्यात धरून ठेवणारा इमल्सिफायर, गंज रोखणारी अमाइन्स आणि बोरेट, जास्त दाबात धातूवर थर चढवणारं सल्फर, फॉस्फरस किंवा क्लोरीनचं काहीतरी, फेस मारणारं एक, जंतू मारणारं एक, आणि बाकी पाणी. हे सगळं मिळून पाण्यात ५ ते १० टक्के. इथे लोक म्हणतात की एवढ्याशा प्रमाणानं काय होतंय. प्रमाणावर बोलायचं तर पेट्रोलमधलं शिसं आठवा. टेट्राइथाइल लेड लिटरमागे जेमतेम ग्रॅमभर लागायचं, इंजिनाचं नॉकिंग थांबवायचं, आणि १९२१ मध्ये त्याचा गुण सापडला तो जगातल्या रस्त्यांवरून पुरता जायला २०२१ उजाडलं. शंभर वर्षं! जगभरच्या मुलांच्या रक्तात उतरलेल्या शिशाचा मोठा भाग त्या ग्रॅमभरातून आला होता. ॲडिटिव्हचं वजन ड्रममध्ये बघायचं नसतं, ते वर्षानुवर्षं, हजारो टाक्यांमधून, एकाच दिशेनं किती जातंय ते बघायचं असतं.

आमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. सोडियम नायट्राइट हा गंजावरचा जुना, स्वस्त आणि खरंच गुणकारी उपाय, आणि डायइथेनॉलअमाइन हेही तसंच उपयोगी, पीएच (पाण्याची आम्लता-अल्कता) सांभाळायचं. दोन्ही एकेकटे बघितले तर कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. पण एकाच टाकीत आले की त्यांच्यातून नायट्रोसोअमाइन तयार होतं, जे प्राण्यांमध्ये कॅन्सर घडवतं, आणि हे कळायला १९७० चं दशक उजाडलं. १९८४ मध्ये अमेरिकेच्या ईपीएनं, म्हणजे तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, काही ठरावीक अमाइन-क्षार असलेल्या कुलंटमध्ये नायट्राइट घालायला मनाई केली. त्याआधीची कित्येक वर्षं माणसं त्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून चुरा काढत होती, त्यांना कुणी विचारलं होतं का? मला राग येतो तो या गोष्टीचा. ॲडिटिव्ह निवडताना प्रश्न एकच विचारला गेला, गंज थांबतो का, आणि थांबतोय म्हटल्यावर फाइल बंद.

आता दुसऱ्या बाजूकडे येतो, कारण त्यांचं म्हणणं हलकं नाहीये आणि ते झटकून टाकणारे पर्यावरणवाले कधी सोमवारी सकाळी वर्कशॉपमध्ये गेलेले नसतात असं मला वाटतं. शनिवारी मशीन बंद होतं, पंप थांबतो, मशीनच्या स्लाइडवेचं (सरकत्या भागांच्या रुळांचं) गळलेलं तेल टाकीवर तरंगून तपकिरी चादरीसारखं पसरतं आणि खालचं कुलंट हवेवाचून पडून राहतं. हवा संपली की सल्फेट खाणारे जंतू जोर धरतात आणि सोमवारी पहिला माणूस पंप चालू करतो तेव्हा जो भपका येतो तो सडक्या अंड्याचा असतो, हायड्रोजन सल्फाइडचा. पीएच नऊच्या वर असायला हवा तो आठाच्या खाली आलेला, कुलंट किती दाट आहे ते दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरची रेष धड दिसतच नाही कारण इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं मिश्रण, फाटायला लागलंय, आणि शुक्रवारी काढून ठेवलेल्या बिडाच्या जॉबवर नारिंगी ठिपके. मी अशा टाकीत उतरून गाळ उपसलेला आहे, तो वास दोन दिवस कपड्यांतून जात नाही. त्यात तुम्ही जंतूंना पचेल असंच ॲडिटिव्ह घातलंत तर जंतू ते नदीत जाईपर्यंत वाट बघत बसणार आहेत का? टाकीतच खाणार. मग टाकी वाचवायला जास्त बायोसाइड (जंतुनाशक), आणि बायोसाइड म्हणजे फॉर्मल्डिहाइड सोडणारी किंवा आयसोथायाझोलिनोन जातीची रसायनं, ज्यांनी ऑपरेटरच्या बोटांना भेगा पडतात. मिथाइलआयसोथायाझोलिनोनला तर अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१३ साठी वर्षाचा ॲलर्जेन ठरवलं होतं. आणि बायोसाइड अजिबात नको म्हणाल तर तीही सोपी वाट नाही. कुलंटच्या फवाऱ्यातून मायकोबॅक्टेरियमसारखे जंतू श्वासातून आत जाऊन कामगारांच्या फुप्फुसांना गंभीर सूज येण्याचे प्रकार नोंदले गेलेले आहेत. नदीतल्या माशाला वाचवायला मशीनवरच्या माणसाचं फुप्फुस पणाला लावायचं का, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याला पर्यावरणाचा शत्रू म्हणणं चुकीचं आहे. तो प्रश्न बरोबर आहे.

पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो. टाकीत टिकणं आणि निसर्गात कधीच न मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच समजल्या जातात म्हणून सगळा वाद अडून बसलाय. लाकडाचा वासा छपराखाली कोरडा राहिला तर पिढ्यान् पिढ्या टिकतो, तोच ओल्या मातीत पुरला की काही वर्षांत भुसभुशीत होतो. लाकूड तेच, परिस्थिती वेगळी. टाकीत पीएच नऊच्या वर ठेवलेला असतो, रसायनं दाट असतात, जंतूंच्या मोजक्याच जाती तिथं तग धरतात. सांडपाण्याच्या प्लांटमध्ये किंवा नदीत तेच रसायन हजारो पटींनी पातळ होतं, पीएच सातच्या आसपास येतो, हवा असते आणि जंतूंच्या असंख्य जाती एकमेकांच्या मदतीनं काम करतात. एका ठिकाणी न पचणारा रेणू दुसऱ्या ठिकाणी पचावा, अशी रचना करता येते का, हा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे, श्रद्धेचा नाही, आणि याचं उत्तर एकदा मिळून गेलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कपडे धुण्याची नवीन पावडर आली त्यातला मुख्य घटक फांद्या असलेल्या साखळीचा अल्काइलबेन्झिन सल्फोनेट होता. धुवायला उत्तम, पण त्या फांद्यांमुळे जंतूंना तो कुठून खायला सुरुवात करावी तेच कळेना, आणि १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर दिसायला लागले. तेव्हाही हेच ऐकवलं जात होतं की कपडे स्वच्छ हवेत ना, मग फेस सहन करा. जर्मनीनं कायदा केला, अमेरिकेतल्या उत्पादकांनी स्वतःहून बदल केला, आणि साठच्या दशकाच्या मध्यावर फांद्यांच्या जागी सरळ साखळीचा रेणू आला. काम तेच, डोकं तेच, शेपटी फक्त सरळ, आणि जंतू तिच्या टोकापासून कुरतडत कुरतडत आत जातात. कपडे तितकेच स्वच्छ निघाले. एवढ्या छोट्या बदलासाठी नद्यांवर फेस यायची वाट बघावी लागली हे वाईट, पण बदल शक्य होता हे तर सिद्ध झालं की नाही?

आणि टाकी नासण्याचा सगळा दोष ॲडिटिव्हच्या माथी मारणं मला पटत नाही. सोमवारचा तो वास येतो त्यात वरच्या तरंगत्या तेलाचा, पाण्याच्या जडपणाचा, तळातल्या चुऱ्याचा आणि थांबलेल्या पंपाचा मोठा हात असतो. स्किमर लावून वरचं तेल काढलं, मशीन बंद असताना थोडी हवा खेळती ठेवली, आठवड्यातून दोनदा पीएच आणि कॉन्सन्ट्रेशन लिहून ठेवलं तर जुनं काय आणि नवं काय, कुठलंही कुलंट जास्त टिकतं. हे न करता बायोसाइड ओतत राहणं म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. हिशोबच करायचा तर समजा २०० लिटरची टाकी आहे आणि ६ टक्क्यांनी कुलंट बनवलंय, म्हणजे एका भरणीला १२ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाण्यात मिसळायचा मूळ दाट द्रव). ती टाकी दर तीन महिन्यांनी उपसली तर नुसत्या भरणीत वर्षाला ४८ लिटर गेलं, वर्षभर टिकवली तर १२. रेणू कितीही हिरवा असो, चौपट ओतला तर त्याच्या हिरवेपणाचा फायदा तिथंच संपतो. म्हणून मी टिकाऊपणाला पर्यावरणाच्या विरुद्ध बाजूला ठेवत नाही, तो पर्यावरणाच्याच खात्यात जमा होतो, आणि नवीन ॲडिटिव्ह बनवणाऱ्यांनी ही गोष्ट वर्कशॉपवाल्यांकडून शिकायलाच हवी.

आता जरा आमच्याच बाजूच्या लोकांशी भांडतो. हिरवं ॲडिटिव्ह म्हणजे झाडातून आलेलं ॲडिटिव्ह, ही समजूत फार पसरलीये. स्पर्म व्हेलचं तेल पूर्ण नैसर्गिक होतं, सहज मोडणारं होतं, आणि वंगणातलं ॲडिटिव्ह म्हणून इतकं चांगलं होतं की गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात ते घालायचे. ते पर्यावरणपूरक होतं का? त्याच्यासाठी देवमासे मारले जात होते. अमेरिकेनं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद केलं तेव्हा याला पर्याय नाही अशी ओरड झाली, सुरुवातीच्या पर्यायांनी त्रासही दिला हे खरं, पण मग कृत्रिम एस्टर आले, जोजोबाच्या बियांमधलं मेण जवळपास त्याच रचनेचं आहे हे लक्षात आलं, आणि आज त्या तेलावाचून कुणाचं काहीही अडत नाही. उगम नैसर्गिक असणं हा पुरावा होत नाही, आणि नवं असणं हाही होत नाही. आयॉनिक लिक्विड्सचंच बघा, म्हणजे साध्या तापमानाला द्रव राहणारे क्षार. त्यांची वाफ होत नाही म्हणून त्यांना हिरवं म्हटलं गेलं, पण त्यातल्या सुरुवातीच्या लोकप्रिय जाती, हेक्साफ्लुओरोफॉस्फेटवाल्या, पाण्याशी संबंध आला की हळूहळू फुटतात आणि हायड्रोजन फ्लोराइड सोडतात, आणि लांब शेपटीच्या इमिडाझोलियम जाती पाण्यातल्या जीवांना चांगलीच विषारी ठरतात. वाफ न होणं हा हवेपुरता गुण झाला, पाण्याचं काय? ग्राफीन ऑक्साइड, नॅनोकण अशा अतिसूक्ष्म कणांबद्दलही माझी हीच तक्रार आहे. घर्षण कमी करतात, मान्य, पण जो कण मोडतच नाही तो टाकीतून निघाल्यावर कुठं बसणार याचं उत्तर त्याच्या घर्षणाच्या आलेखात सापडत नाही.

आणि सगळ्यात घातक सवय म्हणजे बंदी आली की शेजारचाच रेणू उचलायचा. आखूड साखळीचे क्लोरिनेटेड (क्लोरीन जोडलेले) पॅराफिन, जड कटिंगमध्ये आणि ड्रॉइंगमध्ये (धातू ओढून आकार देण्यात) दाब सहन करणारं ॲडिटिव्ह म्हणून वर्षानुवर्षं वापरले. ते निसर्गात मोडत नाहीत, जीवांच्या चरबीत साठतात, म्हणून २०१७ मध्ये, न मोडणाऱ्या विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले. धंद्यानं काय केलं? साखळी थोडी लांब केली आणि मध्यम साखळीचे वापरायला घेतले. २०२५ मध्ये तेही त्याच यादीत. एकाच रेणूचा भाऊ आणून बसवायचा आणि त्याला नवीन ॲडिटिव्ह म्हणायचं, मग तोही पकडला गेला की चुलतभाऊ शोधायचा, यात दर वेळी नवी टेस्टिंग, नवा ड्रम, नवे त्रास, आणि मग हीच माणसं म्हणतात की पर्यावरणाच्या नियमांनी धंद्याला कंटाळा आणला. कंटाळा नियमांनी आणला की चुकीच्या जागी शोधण्यानं आणला? पहिल्याच वेळी थांबून विचारलं असतं की क्लोरीन वगळून हे काम कसं होईल, तर तीच वर्षं एस्टर आणि सल्फरच्या रसायनांवर सत्कारणी लागली असती.

यावर एक फार मजबूत उलट मुद्दा येतो तो टूलचा. टूल लवकर झिजलं तर ते ज्याचं बनतं ते टंगस्टन कार्बाइड जास्त लागणार, ते खाणीतून काढायला ऊर्जा लागते, जॉब रिजेक्ट झाला तर ते स्टील परत वितळवावं लागतं, म्हणजे पर्यावरणाचं नुकसान दुसऱ्या दारानं आत आलंच की. हा मुद्दा मी शंभर टक्के मान्य करतो. टूलच्या टोकाशी दाब गिगापास्कलमध्ये असतो आणि तापमान शेकडो अंश, तिथं नुसत्या सद्भावनेनं धातू कापला जात नाही. मला हेही मान्य आहे की टायटॅनियम किंवा अवघड स्टेनलेस स्टीलच्या कामात आजही जुन्या रसायनांना तोडीस तोड पर्याय प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. पण पाण्यावरची वंगणं काय फक्त टायटॅनियम कापायला वापरतात? साधं ग्राइंडिंग, ॲल्युमिनियमचं मिलिंग, रोलिंग, हायड्रॉलिक्स, पाण्याखालची बेअरिंग्ज, या सगळीकडे गरज वेगवेगळी आहे, आणि सगळ्यात अवघड कामाचं उदाहरण दाखवून सगळ्यात सोप्या कामातलं विषही चालू ठेवायचं, हा युक्तिवाद प्रामाणिक नाही. जिथं खरंच पर्याय नाही तिथं जुनं ठेवा, बंद टाकीत ठेवा, वेगळं गोळा करा, पण जिथं आहे तिथं तरी बदला ना.

पाण्याचं वंगण जमू शकतं याचा पुरावा तर प्रत्येकाच्या गुडघ्यात आहे. सांध्यातला द्रव म्हणजे बहुतेक पाणीच, त्यात हायलुरॉनिक ॲसिड, ल्युब्रिसिन नावाचं प्रथिन आणि फॉस्फोलिपिड, बस. एवढ्यावर कूर्चेवरचं घर्षण इतकं कमी राहतं की चांगल्या चांगल्या बेअरिंगना जमत नाही, आणि ते वर्षानुवर्षं, दिवसाला हजारो पावलं. हे जमतं कारण त्या रेणूंवरच्या भारित टोकांना पाण्याचे रेणू घट्ट धरून बसलेले असतात, दाब आला तरी ते पाणी पिळून बाहेर जात नाही आणि तरीही एकमेकांवरून सहज सरकतं. पातळपणाची जी खोड मी वर सांगितली तिच्यावरचा हा उपाय आहे, पाणी घट्ट करायचं नाही, ते पृष्ठभागाला धरून ठेवायचं. सांध्यातला दाब आणि वेग लेथवरच्यासारखा नसतो हे मला माहीत आहे, गुडघ्याचा द्रव उचलून मशीनमध्ये घाला असं मी म्हणत नाहीये. पण संशोधनाची दिशा तिथून मिळते, आणि सेल्युलोज, लिग्निन, कायटोसन, अमिनो ॲसिड अशा सजीवांत मिळणाऱ्या पदार्थांवर जे काम चाललंय ते त्याच दिशेनं चाललंय. एरंडेलावर सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया करून पाण्यात मिसळणारं टर्की रेड ऑइल तर एकोणिसाव्या शतकातच रंगकामासाठी वापरात आलं होतं, म्हणजे तेलबियांपासून पाण्यात मिसळणारा पदार्थ बनवणं ही काही कालची कल्पना नाही.

काही जण म्हणतात की मग पाणी सोडा, चांगलं जैविक तेलच वापरा. सगळीकडे ते चालत नाही. ८ ऑगस्ट १९५६ ला बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या कोळसा खाणीत पाळण्यात नीट न बसलेल्या वॅगननं दाबाखालच्या तेलाची पाइप आणि विजेच्या केबल तोडल्या, आग लागली आणि २६२ माणसं गेली. जिथं आगीची भीती आहे तिथं पाणी-ग्लायकॉलसारखे सहज न पेटणारे द्रव वापरतात ते उगीच नाही. पाणी लागणारच आहे, म्हणूनच पाण्यात काय घालतो हा प्रश्न टाळता येत नाही.

संशोधकांकडूनही माझी एक मागणी आहे आणि ती मी कळकळीनं करतोय. बऱ्याच चाचण्या अशा होतात की डिस्टिल्ड वॉटर, ताजं मिश्रण, स्टीलच्या प्लेटवर स्टीलचा बॉल, तासभर घासला, घर्षण इतके टक्के कमी, झालं. वर्कशॉपमधलं पाणी जड असतं, त्यात महिनाभरात गळकं तेल येतं, लोखंडाचा चुरा येतो, माणसाच्या हाताचा घाम येतो. त्या पाण्यात, तिसऱ्या आठवड्यात, तुमचं ॲडिटिव्ह कुठं असतं? कॅल्शियमबरोबर साका होऊन तळाशी, की फेस होऊन टाकीबाहेर? गंजाची एक साधी चाचणी आहे, फिल्टर पेपरवर दोन ग्रॅम बिडाचा चुरा पसरायचा, दोन मिली कुलंट टाकायचं, झाकण ठेवायचं आणि दोन तासांनी चुरा झटकून कागदावरचे डाग बघायचे. कुणीही करू शकतं. विघटनाची चाचणी, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ३०१ नंबरची, तिला २८ दिवस लागतात, जंतूंसमोर पदार्थ ठेवून बघायचं की त्यातला किती खरोखर कार्बन डायऑक्साइड होईपर्यंत मोडला, ६० टक्के पार झाला तर तो सहज मोडणारा. दोन तासांच्या डागावर सगळी विक्री चालते आणि २८ दिवसांच्या आकड्याबद्दल कुणी विचारतच नाही, इथेच तर सगळं अडतं. नवीन ॲडिटिव्हच्या प्रत्येक शोधनिबंधात हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी असावेत, ताज्या कुलंटचे आणि महिनाभर वापरलेल्याचेही, ही काही अवाजवी अपेक्षा नाही.

खर्चाचा मुद्दा उरतो. छोट्या वर्कशॉपवाल्याला महाग ड्रम परवडत नाही हे खरं, आणि सगळा भार त्याच्यावर टाकून मोकळं व्हायचं हे मला मंजूर नाही. पण किंमत खाली यायला बाजार तयार व्हावा लागतो आणि बाजार नियमानं तयार होतो. अमेरिकेनं २०१३ च्या जहाजांच्या परवान्यात ७९ फूट किंवा त्याहून लांब जहाजांना अट घातली की जिथं वंगण समुद्राला लागू शकतं तिथं ते सहज मोडणारं, कमी विषारी आणि जीवांत न साठणारं असलं पाहिजे, तांत्रिकदृष्ट्या शक्यच नसेल तर सूट. तीन निकष आणि एक सूट, एवढंच. त्यानं वंगण कंपन्यांना काय बनवायचं ते स्पष्ट कळलं. काही जहाजांनी तर तेल सोडून सरळ समुद्राच्या पाण्यावर चालणारी बेअरिंग्ज घेतली, जशी एकोणिसाव्या शतकात लिग्नम व्हिटी नावाच्या कडक लाकडाची होती, म्हणजे बेअरिंगचं मटेरियलच बदललं की ॲडिटिव्हची गरजच संपते, हाही एक रस्ता आहे आणि तो फार कमी जण बोलतात. वर्कशॉपच्या कुलंटसाठी असे तीन निकष आणि एक सूट लिहायला कुणाची हरकत असावी?

निदान एक गोष्ट तर आत्ता, उद्यापासून करता येईल. ड्रमवर मोठ्या अक्षरात बायोडिग्रेडेबल लिहिलेलं असतं, आणि सेफ्टी डेटा शीट उघडली की त्यात ठरावीक मर्यादेच्या वरचे धोकादायक घटक तेवढे दिसतात, बाकी सगळं व्यापारी गुपित. बायोडिग्रेडेबल म्हणजे त्यातलं नेमकं काय? नुसतं मूळ तेल, की अमाइन, बोरेट आणि बायोसाइडसकट सगळं? किती दिवसांत, कुठल्या चाचणीनं, किती टक्के? तेल मोडलं आणि गंजरोधक तसाच राहिला तर तो शब्द ड्रमवर असायला नको. ऑर्डर देणाऱ्यानं पुढच्या ड्रमच्या आधी एवढे चार प्रश्न लेखी विचारावेत, आणि उत्तर येईपर्यंत सही करू नये.